ठिणगीचा हिशेब : मोटारीचे स्पार्क प्लग केव्हा बदलावेत?

मोटारगाडी सर्व्हिसिंगला दिली की सायंकाळी हाती पडणाऱ्या बिलात ‘स्पार्क प्लग – ४ नग’ अशी एक ओळ पुष्कळदा आढळते. रक्कम फार मोठी नसते, म्हणून गाडीमालक ती मुकाट्याने भरून मोकळा होतो. काही गाड्यांच्या बिलांत ही ओळ दर दहा हजार किलोमीटरला दिसते, तर काही गाड्यांच्या बिलांत ती सात-आठ वर्षांत एकदाही आलेली नसते. दोन्ही गोष्टी सारख्याच विचार करण्याजोग्या आहेत. पहिल्या मालकाचे पैसे विनाकारण खर्च होतात. दुसऱ्याचे पैसे वाचल्यासारखे भासतात, पण ते निराळ्या व अधिक महागड्या वाटेने जाण्याच्या बेतात असतात.

प्रस्तुत लेखात विचार केला आहे तो टर्बोचार्जर नसलेल्या पेट्रोल इंजिनाचा. मोटार-व्यवसायात त्याला ‘नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड’ म्हणतात. म्हणजे जे इंजिन बाहेरची हवा स्वतःच्या पिस्टनच्या ओढीने आत घेते, पंख्याच्या साहाय्याने कोंबून घेत नाही. भारतातील रस्त्यांवर धावणाऱ्या लहान व मध्यम पेट्रोल मोटारींपैकी बहुसंख्य याच जातीच्या आहेत. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतातच. तेथे दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेते. तेव्हा डिझेल गाडीच्या मालकांनी हे पान उलटले तरी चालेल. मात्र त्यांच्या बिलात ‘स्पार्क प्लग’ ही ओळ आढळली, तर जरूर थांबावे!

सहा कोटी ठिणग्या

पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले गेले की ते नेमक्या क्षणी पेटवणे, एवढेच स्पार्क प्लगचे काम. प्लगच्या मध्यभागी धातूची एक कांडी असते. तिच्याभोवती अ‍ॅल्युमिनाचे पांढरे, चिनी मातीसारखे दिसणारे विद्युतरोधक आवरण असते. खालच्या टोकाशी, कांडीसमोर वाकवलेली धातूची दुसरी पट्टी असते. या दोहोंमधील फट बहुतेक गाड्यांत सुमारे ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. बॅटरीचा दाब १२ व्होल्टचा. कॉइल तो वाढवून हजारो व्होल्टपर्यंत नेते आणि तेवढ्या दाबाने वीज ही फट ओलांडते. तीच ठिणगी. उच्च दाबाच्या मॅग्नेटोसह वापरता येणारा प्लग बॉशच्या कारखान्यात १९०२ साली गॉटलोब होनोल्ड यांनी सिद्ध केला. त्यानंतर धातू बदलले, आकार बारीक झाले. पण कल्पना तीच राहिली.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक प्लग एकदा ठिणगी देतो. इंजिन मिनिटाला सरासरी २,००० फेऱ्या घेत असेल, तर प्लग मिनिटाला १,००० ठिणग्या देतो. ताशी ४० किलोमीटरच्या सरासरी वेगाने ४०,००० कि.मी. अंतर कापण्यास १,००० तास, म्हणजे ६०,००० मिनिटे लागतात. या अवधीत एकेका प्लगने सहा कोटी ठिणग्या दिलेल्या असतात. हीच गाडी पुणे, बंगळूर किंवा कोलकाता यांसारख्या शहरातील गर्दीत ताशी २० किलोमीटरच्या सरासरीने धावली, तर तास दुप्पट होतात. इंजिनाची गती सरासरी १,५०० फेऱ्या धरली, तरी तेवढ्याच अंतराला ठिणग्यांची संख्या नऊ कोटींवर जाते. किलोमीटरचा काटा दोन्ही गाड्यांत सारखाच आकडा दाखवतो. प्लगची झीज मात्र सारखी नसते.

प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा अत्यंत सूक्ष्म अंश उडून जातो. कांडीच्या धारदार कडा हळूहळू गोलसर होतात आणि फट रुंदावते. वीज धारदार कडेवरून सहज उडी घेते, गोलसर कडेवरून घेत नाही; शिवाय फट जितकी रुंद, तितका अधिक दाब लागतो. कॉइल ही वाढती मागणी काही काळ निमूटपणे पुरवते, म्हणूनच गाडीमालकाला बराच काळ काहीच जाणवत नाही. परंतु कॉइलच्या क्षमतेलाही मर्यादा आहे. ती ओलांडली गेली की एखादी ठिणगी चुकते. सुरुवातीला ती चुकते ती बहुधा सिलिंडरमधील दाब सर्वाधिक असताना, म्हणजे घाट चढताना किंवा ट्रकला मागे टाकण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. ज्या क्षणी गाडीने साथ द्यावयाची, नेमक्या त्याच क्षणी ती अडखळते. हा केवळ पेट्रोलचा प्रश्न राहत नाही, सुरक्षिततेचाही होतो.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात हवा दाबून भरलेली असल्याने हा दाब मुळातच अधिक असतो. म्हणून तेथे फट कमी ठेवतात आणि प्लग बदलण्याची मुदतही सामान्यतः कमी असते. शेजाऱ्याची टर्बो गाडी आणि आपली साधी गाडी यांची मुदत एकच धरणे योग्य नव्हे.

धातूवर ठरते आयुष्य

मुदतीचा प्रश्न अर्धाअधिक सुटतो तो प्लगचे टोक कोणत्या धातूचे आहे हे कळल्यावर. साध्या प्लगचे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते. आत उष्णता वाहून नेण्यासाठी तांब्याचा गाभा असल्यामुळे दुकानदार त्याला ‘कॉपर प्लग’ही म्हणतात. निकेल सुमारे १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १,७६८ अंशांना आणि इरिडियम २,४४६ अंशांना. इरिडियम कठीण आणि चिवट असल्याने त्याची कांडी ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकी बारीक करता येते. निकेलची कांडी सुमारे अडीच मिलिमीटर जाड असते. बारीक टोकावरून ठिणगी कमी दाबात उडते आणि टोक झिजतेही सावकाश.

सर्वसाधारणपणे निकेल प्लग ३०,००० ते ४०,००० कि.मी., प्लॅटिनमचा ८०,००० ते १,००,००० कि.मी. आणि दीर्घायुषी इरिडियमचा १,००,००० कि.मी.च्या आसपास चालतो. मात्र एक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. खोक्यावर ‘इरिडियम’ लिहिलेला प्रत्येक प्लग लाखभर किलोमीटर चालतोच असे नाही. काही प्लगांत फक्त मधली कांडी इरिडियमची असते आणि समोरची पट्टी साध्या निकेलची. अशा प्लगाची पट्टी आधी झिजते. दीर्घायुषी जातीत समोरच्या पट्टीवरही प्लॅटिनमचा अथवा तशाच धातूचा ठिपका जडवलेला असतो. काही इंजिनांत एकच कॉइल दोन प्लगांना वीज पुरवते. तेथे निम्म्या प्लगांत वीज उलट दिशेने उडते व पट्टीच अधिक झिजते, म्हणून दोन्ही बाजूंना मौल्यवान धातू असणे आवश्यक ठरते.

तेव्हा पहिले व अखेरचे प्रमाण म्हणजे गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका. तीत प्लगचा क्रमांक, फट आणि मुदत तिन्ही दिलेले असते. मुदत किलोमीटर व महिने अशा दोन्ही प्रकारे दिलेली असल्यास, जे आधी पूर्ण होईल ते धरावे. धूळ, सततची वाहतूक कोंडी, लहान लहान फेऱ्या अशा खडतर वापरासाठी काही पुस्तिकांत वेगळा तक्ता असतो. आपल्याकडील बहुतेक शहरी गाड्या खरे तर याच तक्त्यात बसतात. गाडीमालक मात्र पहिला तक्ता वाचूनच थांबतो.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. या वायूचे मिश्रण पेटवण्यास पेट्रोलपेक्षा अधिक विद्युतदाब लागतो, त्यामुळे झिजलेला प्लग गॅसवर आधी अडखळतो. पेट्रोलवर सुरळीत आणि गॅसवर झटके, अशी तक्रार असेल तर गॅस-किट उघडण्यापूर्वी प्लग पाहावेत. शिवाय सीएनजी गाड्या धावतातही अधिक. भाड्याच्या गाडीला निकेल प्लगची मुदत वर्षाच्या आतच पूर्ण होते.

उलट टोकाला आहे निवृत्त गृहस्थाची गाडी. वर्षाला जेमतेम ३,००० कि.मी., तेही देवदर्शन, बाजारहाट आणि नातवंडांच्या शाळेपुरते. अशा गाडीला ४०,००० कि.मी. पूर्ण होण्यास तेरा वर्षे लागतील. परंतु प्लगचे टोक सुमारे ४५० अंशांच्या वर तापले तरच त्यावरील काजळी जळून जाते. दोन किलोमीटरच्या फेरीत ते पुरेसे तापत नाही आणि काजळी साचत राहते. शिवाय वर्षानुवर्षे न काढलेला प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये घट्ट बसून राहतो व काढताना आटे सोलवटतो. अशा गाडीचे प्लग तीन-चार वर्षांतून एकदा काढून पाहणे आणि खराब दिसल्यास किलोमीटरकडे न पाहता बदलणे इष्ट.

दहा हजारांची सवय कोठून आली?

पूर्वीच्या अ‍ॅम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात प्लग ही वारंवार हाताळण्याची वस्तू होती. कार्ब्युरेटरमधून येणारे मिश्रण कधी घट्ट तर कधी पातळ असे, कॉन्टॅक्ट पॉइंट जळत आणि पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असल्यामुळे त्याचा थर प्लगवर बसे. गाडी सकाळी चालू झाली नाही की प्लग काढावा, पॉलिशपेपरने घासावा, फट पात्याने मोजावी आणि पुन्हा बसवावा, हे काम चालकच काय, घरातील हुशार मुलेही करीत. बंगळूरला १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीचे प्लग त्या काळी गावोगावच्या दुकानांत मिळत आणि डिकीत एखादा जादा प्लग असणे हे शहाणपणाचे लक्षण मानले जाई.

पुढे परिस्थिती पालटली. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, कार्ब्युरेटरच्या जागी इंधन-इंजेक्शन आले आणि ठिणगीची वेळ संगणक ठरवू लागला. प्लगचे आयुष्य कितीतरी पटींनी वाढले. पण सवय मात्र काही गॅरेजांत जुन्याच हिशेबाने चालू राहिली. पॉलिशपेपरने घासण्याची सवय तर आज घातकच आहे. इरिडियमचे बारीक टोक घासले अथवा फट मोजण्याच्या चकतीने दाबले, तर ते मोडते.

पैशांचा हिशेब

लेखाशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर प्लगचा घसारा सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे वर्षाला ठरावीक, असा आकारता येत नाही; तो वापराच्या प्रमाणात होतो. म्हणून खर्चही किलोमीटरमागे काढणे योग्य. येथे घेतलेल्या किमती केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपल्या गाडीचे आकडे घालून पाहावेत.

समजा, निकेल प्लग १५० रुपयांचा. चारांचे ६०० रुपये, मजुरी ४०० रुपये, एकूण १,००० रुपये. ४०,००० कि.मी. वापरल्यास किलोमीटरला अडीच पैसे पडतात. हेच प्लग गॅरेजच्या आग्रहामुळे दर १०,००० कि.मी.ला बदलले, तर किलोमीटरला दहा पैसे. म्हणजे ४०,००० कि.मी.मध्ये ३,००० रुपये अधिक. इरिडियम प्लग ७०० रुपयांचा धरला, तर मजुरीसह ३,२०० रुपये आणि लाख किलोमीटरला वाटून ३.२ पैसे. फरक किरकोळ आहे. ज्या इंजिनात प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी वरचा बराच पसारा काढावा लागतो व मजुरी भारी पडते, तेथे इरिडियमच स्वस्त ठरेल. होंडा सिटीच्या २००३ ते २००८ या काळातील आय-डीएसआय इंजिनात तर प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ प्लग होते. अशा गाडीच्या मालकाने हिशेब दुप्पट करावा.

आता दुसरी बाजू. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज १५ कि.मी. धरल्यास किलोमीटरला ६ रुपये ६७ पैसे इंधन लागते. झिजलेल्या प्लगांमुळे अ‍ॅव्हरेज केवळ तीन टक्क्यांनी घटले, तरी किलोमीटरला सुमारे २० पैसे अधिक जातात. पाच हजार किलोमीटरमध्ये ही रक्कम १,००० रुपयांवर पोहोचते, म्हणजे निकेल प्लगांचा नवा संच मजुरीसह आला असता. प्लगवर अडीच पैसे वाचवण्यासाठी पेट्रोलवर वीस पैसे घालवणारा हा व्यवहार कोणत्याही खातेवहीत तोट्याचाच दिसेल.

खरा फटका मात्र याहून मोठा असतो. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल धुराड्याच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते. त्याच्या आतील जाळी प्रमाणाबाहेर तापून वितळू शकते. या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असल्यामुळे हा सुटा भाग गाडीतील सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे. झिजलेल्या प्लगसाठी सतत जादा दाब निर्माण करून कॉइलचे आवरणही आतून फुटते, तो खर्च निराळाच.

वाहनकर्जाची मुदत बहुधा पाच ते सात वर्षांची असते. वर्षाला १२,००० कि.मी. धरल्यास सात वर्षांत ८४,००० कि.मी. होतात. या काळात निकेल प्लगचा संच दोनदा बदलावा लागेल, तर दीर्घायुषी इरिडियमचा बहुधा कर्ज फिटल्यावरच. जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर न जाता सर्व्हिस पुस्तिकेत प्लग बदलल्याची नोंद पाहावी. नोंद नसेल, तर प्लग जुनेच आहेत असे समजून चालावे.

मुदतीपूर्वीच्या खुणा

सकाळी इंजिन चालू होण्यास वेळ लागणे, सिग्नलला उभ्या गाडीत स्टिअरिंगला थरथर जाणवणे, मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारणे’, पिकअप व अ‍ॅव्हरेज घटणे, ही लक्षणे दिसू लागली की मुदत संपण्याची वाट पाहू नये. डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ ठिणगी मोठ्या प्रमाणावर चुकत आहे असा असतो. अशा वेळी वेग कमी करून गाडी जवळच्या गॅरेजात न्यावी, लांबचा प्रवास पुढे रेटू नये.

अर्थात ही सर्व लक्षणे केवळ प्लगचीच असतात असे नाही. कॉइल, इंजेक्टर, तुंबलेला एअर फिल्टर यांचीही ती असू शकतात. संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहणे ही साधी परीक्षा आहे. दोषही तिकडे सरकला, तर दोष कॉइलचा, प्लगचा नव्हे. आणि एका ठिकाणी तर प्लगला उगाच दोष दिला जातो. सुट्टीत आपली गाडी घेऊन लेहला जाणाऱ्यांना तेथे गाडीची ताकद अचानक घटल्याचे जाणवते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर हवाच विरळ असते. पिस्टनच्या ओढीवर हवा घेणाऱ्या इंजिनाची शक्ती दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के कमी होते. तेथे प्लग बदलून काहीही साधणार नाही.

काढलेला प्लग इंजिनाची प्रकृतीही सांगतो. टोकाकडील आवरण फिकट तपकिरी वा राखाडी असेल, तर सारे ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक किंवा हवा कमी. तेलकट ओला प्लग म्हणजे पिस्टनच्या रिंगा अथवा व्हॉल्व्हची सीले झिजून आतून ऑइल येत आहे; अशा वेळी नवा प्लगही थोड्याच दिवसांत तसाच होईल. पांढरेफटक, फोड आलेले टोक म्हणजे इंजिन अति तापते आहे किंवा चुकीच्या जातीचा प्लग बसला आहे.

बदलताना

प्लग नेहमी पूर्ण संच म्हणूनच बदलावेत. एकच बदलल्यास चार सिलिंडर चार तऱ्हांनी चालतात. पुस्तिकेतील क्रमांकाचाच प्लग घ्यावा. लांबी वा आटे सारखे दिसले, तरी उष्णता वाहून नेण्याची क्षमता वेगळी असू शकते, आणि ती दर्शवणारे आकडे निरनिराळ्या कंपन्यांत चक्क उलट क्रमाने चालतात. बाजारात नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब खोक्यांत बनावट मालही येतो, म्हणून खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून आणि पावती घेऊन करावी.

काम इंजिन थंड असतानाच व्हावे. प्लगच्या खोबणीतील धूळ हवेच्या झोताने उडवल्यावरच जुना प्लग सैल करावा, अन्यथा ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग आधी हाताने फिरवावा. आटे सहज धरले नाहीत तर पान्याचा जोर लावू नये. १४ मिलिमीटर आट्याच्या, वॉशर असलेल्या प्लगला अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये सामान्यतः २५ ते ३० न्यूटन-मीटर एवढा आवळ पुरतो. बारीक आट्याच्या प्लगला त्याहून बराच कमी. जोर मोजणारा पाना नसल्यास, वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा आवळतात. जमिनीवर पडलेला प्लग, वरून कितीही अखंड दिसला तरी, बसवू नये. आवरणाला गेलेला सूक्ष्म तडा डोळ्यांना दिसत नाही.

गाडी ताब्यात घेताना जुने प्लग परत मागावेत आणि ते सिलिंडरच्या क्रमाने ठेवण्यास आधीच सांगून ठेवावे. चारांपैकी एकच काळा वा तेलकट असेल, तर तो कोणत्या सिलिंडरचा हे त्यावरून कळते. मग सर्व्हिस पुस्तिकेत तारीख, किलोमीटर आणि प्लगचा क्रमांक लिहून घ्यावा व बिल त्याच पुस्तिकेत ठेवावे.